पाटोळेबाईंचा अबोला

पाटोळेबाईंच्या शिवणक्लासात नवीन मुलगी आली की बाई तिला पायमशीनवर बसवायच्या, कापड सुईखाली सरकवून द्यायच्या आणि मग तिच्या मागे उभ्या राहून, खांद्यावरून हात पुढे काढून, सुईसमोर एक जुनं पोस्टकार्ड आडवं धरायच्या. सुई दिसेनाशी व्हायची. "हं, आता चालव," बाई म्हणायच्या. मुलगी बावचळायची. मीही एकोणीस वर्षांची असताना अशीच बावचळले होते.

"बाई, सुई दिसत नाय," मी म्हटलं.

"दिसायचं कारण काय? सुई तिचं काम करतीय. तू बघितलंस म्हणून ती जास्त चांगलं करणार आहे का? तू काठाकडं बघ."

मशीनच्या पत्र्यावर बाईंनी पांढरी चिकटपट्टी लावलेली असायची. कापडाचा काठ त्या पट्टीला धरून पुढे सरकवत राहायचं, की शिलाई सरळ येते. गोष्ट एवढीच आहे. पण शिकाऊ माणसाची नजर पट्टीवर टिकतच नाही. सुई खालीवर नाचत असते, चमकत असते, नजर तिच्यावर खिळते आणि तेवढ्यात खालचं कापड हळूच तिरकं होतं. शिलाई वाकडी गेलेली कळते ती कापड काढल्यावर. वीस वर्षं मी हा धंदा करते आहे, माझ्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक नवख्या मुलीने ही एकच चूक केलेली मी पाहिली आहे. बाईंनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे ते पोस्टकार्ड. त्याच्या मागच्या बाजूला कोणाचं तरी क्षेमकुशल लिहिलेलं होतं, ते बोटांच्या घामाने पार पुसून गेलं होतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत बाई गेल्या. त्यांच्याविषयी लिहायचं तर खरं म्हणजे त्यांच्या चर्चच्या मंडळीतल्या कोणीतरी लिहायला हवं. मी बौद्ध घरातली. आमच्याकडे देवाची भानगडच नाही आणि मला त्याची कधी चुटपुटही लागली नाही. तरीही लिहिते आहे, कारण बाईंची एक गोष्ट फक्त मला माहीत आहे आणि ती माझ्याबरोबर विरून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

बाई मूळच्या नगरकडच्या. नवरा दवाखान्यात कंपाउंडर, त्याच्या नोकरीपायी रत्नागिरीत आल्या. तो लवकर वारला. माळनाक्याच्या उतारावर दोन खोल्यांचं कौलारू घर होतं, पुढच्या खोलीत सहा मशिनी आणि मागच्या खोलीत बाई आणि त्यांचा मुलगा आशिष. बुटक्या, सावळ्या, अंगाने सुटलेल्या. मी शिंपीण आहे, मी माणसं खांद्यांवरून ओळखते. बाईंचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता, पण चालायच्या अशा की त्यांच्या ब्लाऊजचे खांदे कधी वेगवेगळे कापावे लागतील असं वाटायचं नाही. इतकी वर्षं कोकणात राहून त्यांच्या तोंडातलं "तिकडं" आणि "कुठं" काही सुटलं नव्हतं. आम्ही मुली त्यांची नक्कल करायचो. त्यांना ते माहीत होतं आणि आम्ही "गेला, केला, झाला" असं कोकणी बोलायला लागलो की त्याही आमची करायच्या.

क्लास सुरू व्हायच्या आधी त्या प्रार्थना करायच्या. मोठ्याने, पण दोनच वाक्यं. "प्रभू, या पोरींची बोटं सांभाळ. आणि माझी जीभ सांभाळ. आमेन." मग आम्हाला म्हणायच्या, "ज्याला ज्याचं नाव घ्यायचंय त्यानं मनात घ्या. जिला कुणाचंच घ्यायचं नाही तिनं मशीनला तेल घाला." तेल घालायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. हे मी घरी येऊन हौसेने सांगितलं तर आईचं डोकं फिरलं.

"काय गो, शिवान शिकाया जातेस की येशूची गानी म्हनाया? आपुन मोठ्या मुश्किलीन देवाच्या कचाट्यातना सुटलो, नि तू परत दुसऱ्याच्या कचाट्यात!"

आई तशीच तणतणत हातखंब्याहून एसटीने क्लासवर आली. बाईंनी तिला खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं आणि तिचा ब्लाऊज बघून म्हणाल्या, "ताई, ही बाही कुणी लावली? उलटी लावलीय. काढा, दहा मिनिटांत देते." आई आत जाऊन माझी ओढणी गुंडाळून बसली आणि बाईंनी बाही उसवून परत लावली. येशूचा विषय निघालाच नाही. परत जाताना आई मला म्हणाली, "बाय बरी हाय. पन तू आपली तेलच घाल."

बाईंना शिकवण्याची खोड होती. शिवण तर त्या शिकवायच्याच, पण त्याच्या आडून आणखी काहीतरी शिकवत राहायच्या आणि ते त्यांच्याही नकळत चालायचं. मशीनमध्ये दोन दोरे असतात, एक वरचा आणि एक खालच्या बॉबिनमधला. खालचा संपला तरी मशीन थांबत नाही. आवाज तोच, सुई तशीच नाचते, कापड पुढे सरकतं, पण टाका पडत नाही. एकदा मी अख्खी चादर अशी बिनटाक्याची शिवली आणि झटकली तर दोन्ही तुकडे दोन बाजूंना. क्लास हसून बेजार झाला. बाई हसल्या आणि मग त्यांनी तो मोकळा तुकडा हातात धरला. "आमच्या चर्चमध्ये पण असतात बरं असे," त्या म्हणाल्या. "रविवारी येतात, गाणं म्हणतात, आवाज तोच. खालचा दोरा कधी संपला ते त्यांचं त्यांनाच कळत नाही. कधी कधी मीच असते त्यातली." शेवटचं वाक्य त्या नेहमी स्वतःला जोडून घ्यायच्या, म्हणून त्यांचा उपदेश आम्हाला बोचत नसे.

दुसरी एक गंमत सांगते. मालगुंडला एका गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायचे होते, म्हणून आम्ही दोघी एसटी स्टँडवर उभ्या होतो. गाडीला उशीर झाला होता. बाई चिडल्या होत्या, मी तर चिडायला कायमच तयार. एसटीचा कारभार, ड्रायव्हर, खड्डे, एकेकाचा आम्ही असा काही समाचार घेत होतो की शेजारच्या बायकाही त्यात सामील झाल्या. तासाभराने मी चौकशीच्या खिडकीत विचारलं तर आतला माणूस म्हणाला, "मालगुंड? ती कवाच गेली. तुमच्या म्होरनंच गेली की!" मी तोंडात मारल्यासारखी परत आले. बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "रंजे, अगं वाट गाडीची बघत होतो आणि गाडीकडंच लक्ष नव्हतं! हेच होणार बघ माझं. प्रभू येणार, प्रभू येणार म्हणत इतरांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत बसायची मी, आणि तो समोरून निघून जायचा." मी म्हटलं, "बाई, त्याला काय दुसरी गाडी नसते?" त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

क्लास संपला तरी मी बाईंना सोडलं नाही. त्यांची मदतनीस म्हणून राहिले, पुढे माझं दुकान झालं तरी दुपारचे दोन तास जायचेच. आशिष तोपर्यंत मोठा होऊन बोटीवर लागला होता. इथली कितीतरी मुलं जातात तसा आखातात गेला, एका मालवाहू बोटीच्या इंजिनखात्यात. शांत मुलगा, आईसारखाच बुटका. सुट्टीवर आला की क्लासच्या साऱ्या मशिनी खोलून साफ करून जायचा. बाई त्याला दर रविवारी चर्चहून आल्यावर फोन करायच्या आणि त्या दिवशी काय प्रवचन झालं ते सांगायच्या. तो पलीकडून "हं, हं" करायचा. "ऐकतोस ना रे?" त्या विचारायच्या. "ऐकतोय गं, हातात पाना आहे," तो म्हणायचा.

साधारण नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. बाईंच्या मंडळीतल्या एका नर्सच्या मुलीचं, ग्रेसचं, शनिवारी लग्न होतं. तिचा पांढरा साटनचा झगा बाई शिवत होत्या. आमच्या नवरीचं सगळं बाजारात मिळतं, पण या झग्याचं तसं नाही. तो अंगावर बसला पाहिजे, मागचा घोळ जमिनीवर नीट पसरला पाहिजे आणि साटन मोठं खोडसाळ कापड. एकदा टाका चुकला आणि उसवला की सुईची भोकं तशीच राहतात. म्हणून बाई साटनवर मला हात लावू देत नव्हत्या, मी अस्तर शिवत होते.

सोमवारी दुपारी हमीदाभाभी आल्या. त्या राजिवड्याच्या, त्यांचा पुतण्याही आखातातच बोटीवर. दारातच उभ्या राहिल्या, चप्पलही काढेनात. "बाई, खबर चांगली नाय," त्या म्हणाल्या. "तकडं मोठा तुफान झालाय. आशिषच्या बोटीचा वायरलेस लागत नाय म्हनतात. शोधतायत. अल्ला करील तर सापडंल."

बाई मशीनवरून उठल्या. हमीदाभाभींना त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं. मग आशिषच्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला. तिकडच्या माणसाने तेच सांगितलं, शोध चालू आहे, कळवतो. बाईंनी फोन ठेवला, हात धुतले, पुसले आणि परत मशीनवर बसल्या. मला वाटलं त्या रडतील, आडव्या होतील. त्यांनी कापडाचा काठ पट्टीला लावला आणि मशीन सुरू केलं.

पुढचे तीन दिवस मला जन्मभर पुरतील. घर माणसांनी भरलेलं. मंडळीतल्या बायका, क्लासच्या मुलींच्या आया, शेजारी. कोणी टीव्ही लावायचं, कोणी फोनवर आलेले वादळाचे फोटो दाखवायचं, कोणी बाईंच्या गळ्यात पडून रडायचं. फोन वाजला की सगळे दचकायचे. बाई प्रत्येक फोन घ्यायच्या, "हो, बरं, कळवा," एवढंच बोलायच्या आणि परत मशीनवर. एक बाई म्हणाली, "अहो राहू द्या तो झगा, दुसरीकडून आणतील." बाई म्हणाल्या, "दुसरीकडं कुठून? पोरीचं माप माझ्याकडं आहे." मी त्यांच्या पायाशी बसून अस्तराला हातशिलाई घालत होते आणि वर बघायची मला भीती वाटत होती. माणूस एवढं स्थिर कसं राहू शकतं? मला कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. त्या घरात असलेल्या सगळ्यांच्या नजरा फोनवर होत्या, टीव्हीवर होत्या, बाईंच्या चेहऱ्यावर होत्या. फक्त बाईंची नजर त्या पांढऱ्या पट्टीवर होती.

बुधवारी संध्याकाळी मात्र मशीन मध्येच थांबलं. मी वर पाहिलं. बाईंनी कापड काढून माझ्यासमोर धरलं. कमरेची शिलाई वीतभर सरळ येऊन मग वाकडी गेली होती, एखाद्या नवख्या मुलीची जाते तशीच. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातची वाकडी शिलाई मी पहिल्यांदाच पाहिली. बाई म्हणाल्या, "सुईकडं बघितलं मी." एवढंच. मग कात्री घेतली आणि एकेक टाका उसवायला लागल्या.

"बाई, साटन आहे, भोकं राहतील," मी म्हटलं.

"राहू देत. वरून रिबिनीचा पट्टा येईल. पण खालची शिलाई वाकडी ठेवून वर पट्टा लावायचा नाही. उसवायला लाज वाटली की माणूस संपला."

गुरुवारी दुपारी ऑफिसचा फोन आला. बोट उलटलेली सापडली होती. काही जणांना वाचवलं होतं. आशिष त्यांत नव्हता. इंजिनखात्यातलं कोणीच त्यांत नव्हतं. शुक्रवारी शोध थांबवल्याचं कळलं.

ग्रेसची आई रडत आली. लग्न पुढे ढकलतो म्हणाली, चर्चच्या पाळकसाहेबांशीही बोलली होती. बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "अजिबात नाही. तुझ्या पोरीचा दिवस आहे तो. झग्याला हुक लावायचे राहिलेत, ते सकाळी येऊन लावते." आणि शनिवारी सकाळी त्या खरंच गेल्या. मीही बरोबर होते. ग्रेसला झगा घालून त्यांनी तिच्या मागे गुडघ्यांवर बसून घोळ सारखा केला, कमरेच्या पट्ट्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ताठ उभी राहा. छान दिसतीस."

चर्चमध्ये मी त्यांच्या शेजारी उभी होते. सगळी माणसं नवरीकडे कमी आणि बाईंकडे जास्त बघत होती. गाणं सुरू झालं, बाईंनी पुस्तक उघडून हातात धरलं होतं, चेहरा समोर वेदीकडे. डोळे कोरडे. आसपासच्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. दुसऱ्या दिवशीच्या उपासनेत म्हणे पाळकसाहेबांनी सांगितलं की विश्वास कशाला म्हणतात ते बघायचं असेल तर आपल्या पाटोळेबाईंकडे बघा. मला देवाधर्मातलं काही कळत नाही, पण मला ते शंभर टक्के पटलं.

आशिष मिळालाच नाही. पुरायला काही नव्हतं, म्हणून बाईंनी नवऱ्याच्या थडग्यावर त्याच्या नावाखाली मुलाचं नाव कोरून घेतलं. क्लास महिनाभराने परत सुरू झाला. एक बदल झाला. सुरुवातीची ती दोन वाक्यांची प्रार्थना बाई आता मोठ्याने म्हणत नसत. नुसत्या मान खाली घालून मिनिटभर उभ्या राहायच्या आणि मग मुलींना कामाला लावायच्या. मला वाटलं, दुःखाने माणूस खोल गेलं की शब्द लागत नसतील. रविवार मात्र एकही चुकला नाही. पाऊस असो, गुडघे दुखोत, पांढरी साडी नेसून बाई चर्चला निघालेल्या दिसायच्याच.

ती गोष्ट मी पुढे कितीजणांना सांगितली असेल! दुकानात कोणी रडत आलं, कोणाच्या घरी काही वाईट झालं, की मी पाटोळेबाईंचा झगा सांगायची. मला त्यात एक प्रकारचा अभिमानही वाटायचा, जणू तो विश्वास थोडासा माझाच होता.

मग दोन वर्षांपूर्वी माझी आई गेली. चांगली चालती-बोलती, आठ दिवसांत गेली. मी महिनाभर दुकान उघडलं नाही. नवऱ्यावर खेकसायची, पोरांवर ओरडायची, विहारात वंदनेला बसले तर उठून बाहेर यायची. शेवटी एका दुपारी बाईंकडे गेले. बाई फार थकल्या होत्या, क्लास बंद झाला होता, पाच मशिनी विकल्या होत्या, एक उरली होती. मी त्या मशीनशेजारी जमिनीवर बसले आणि भडाभडा बोलले. "बाई, तुमच्यासारखं मला नाही जमत. तुमचा पोटचा मुलगा गेला तरी तुम्ही हललात नाही. तुमचा विश्वास केवढा! माझ्याकडे तसं काहीच नाही."

बाईंनी जे विचारलं ते रागाने विचारलं.

"कुणी सांगितलं तुला मी हलले नाही?"

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"रंजे, मी चार वर्षं त्याच्याशी बोलत नव्हते."

मला वाटलं आशिषविषयी बोलत आहेत. वय झालंय, घोटाळा होत असेल. "कोणाशी, बाई?"

"प्रभूशी. अबोला धरला होता मी. एक शब्द बोलले नाही. ग्रेसच्या लग्नात सगळे गात होते, माझं तोंड बंद होतं. तू शेजारी होतीस, तुला कळलं नाही? क्लासमध्ये मान खाली घालून उभी राहायचे ना, तेव्हा आत काही नसायचं. नुसती उभी राहायचे. पाळकसाहेब म्हणाले बाईंचा विश्वास बघा, तेव्हा मला उठून सांगावंसं वाटत होतं की गप बसा. एवढा राग होता मला. चार दिवस मी त्याला म्हणत होते, पोराला वाचव, पोराला वाचव, प्रत्येक टाक्याला म्हणत होते. त्यानं ऐकलं नाही. मग मी पण ठरवलं, आता मी बोलणार नाही."

"मग चर्चला का जायचात?" मी विचारलं.

"जाऊ नको तर काय करू? नवऱ्याशी अबोला धरला म्हणून आपण घर सोडून जातो का? स्वयंपाक करतो, ताट वाढतो, समोर ठेवतो. बोलत नाही. तसंच. दर रविवारी जायचे, पुढच्या बाकावर बसायचे आणि त्याच्याकडं बघत बसायचे. रागानं का होईना, पण त्याच्याकडंच बघत होते. दुसरीकडं बघितलं असतं तर मी गेलेच असते गं. मला कळत होतं ते. बोलायची ताकद नव्हती, पण नजर काढायची नाही एवढंच धरून ठेवलं होतं."

इतकी वर्षं मी ज्या गोष्टीने थक्क होत आले होते ती घडलीच नव्हती, आणि जी घडली होती ती तिच्याहून कितीतरी मोठी होती. मनात शांती असताना देवापुढे उभं राहणं कोणालाही जमेल. मनात एवढा जाळ घेऊन ही बाई चार वर्षं, दर रविवारी, पांढरी साडी नेसून, गुडघे ओढत तिथे जात होती. मी एकच प्रश्न विचारला, "मग बोललात कधी?"

बाई हसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि त्या एकदम माझ्या जुन्या बाई झाल्या.

"काही मोठं झालं नाही बघ. एक दिवस गॅसवर भात ठेवला आणि इथं काज करत बसले. वास आला तशी पळत आत गेले. झाकण काढलं आणि तोंडातून निघून गेलं, 'अरे देवा, भात करपला रे!' आणि तशीच उभी राहिले. म्हटलं, अगं, बोललीस की तू. चार वर्षांनी बोललीस, आणि काय बोललीस, तर भात करपला! मला हसू यायला लागलं आणि मग रडू यायला लागलं. मग तिथंच ओट्याला टेकून बसले आणि सगळं सांगितलं त्याला. आशिषचं, बोटीचं, माझ्या रागाचं. लई बोलले. शिव्या पण दिल्या. भात खाली पार कोळसा झाला, गॅस बंद करायचं सुद्धा सुचलं नाही."

"मग?" मी विचारलं. "काय म्हणाला तो?"

"काही नाही म्हणाला. पण रंजे, एक सांगते. मी बोलायला लागले तेव्हा मला त्याला कुठून हाक मारून बोलवावं लागलं नाही. तो तिथंच बसलेला होता."

एवढं बोलून बाईंनी मशीनशेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. त्यात काही दाखवायचा आव नव्हता. घरातलं माणूस बसलंय की उठलं हे आपण बोलता बोलता बघतो, तेवढंच सहज पाहिलं. मी देव मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते आणि हे लिहितानाही मानत नाही. पण त्या दुपारी मी पसरलेले पाय जवळ घेतले, डोळे पुसले आणि खांद्यावरून घसरलेली ओढणी सारखी करून नीट बसले.